वाकलेली गाडी, सरळ हिशेब

सांगलीच्या हळद बाजारात ओल लागलेले पोते वेगळे काढण्याची रीत जुनी आहे. ते पोते कितीला घेतले होते, हा प्रश्न अशा वेळी कोणी विचारत नाही. आज, आहे त्या स्थितीत, दोष सांगून ते कितीला जाईल एवढेच पाहिले जाते. घेणाराही हळकुंड मोडून पाहतो आणि त्या मानाने भाव देतो. मालाच्या बाबतीत हा विवेक ज्या घरांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडला आहे, त्याच घरांच्या दारात अपघातात सापडलेली मोटार येऊन उभी राहिली की हिशेबाची रीत बदलते. तिच्यात घातलेला पैसा आठवतो, तिच्यातून केलेले प्रवास आठवतात, शेजारपाजार काय म्हणेल याचाही विचार मनात डोकावतो. म्हणूनच आधीच वापरलेली आणि त्यात ठोकरलेली गाडी दुरुस्त करावी की मोडीत काढावी, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड ठरतो.

सांगलीतील एका अडत पेढीच्या घरी अशी वेळ आली. दोन भावांचे एकत्र कुटुंब. थोरल्यांना सारे घर अण्णा म्हणते. दोन वर्षांपूर्वी या घराने सहा वर्षे वापरलेली एक पेट्रोल हॅचबॅक ३,६०,००० रुपयांना घेतली होती. पुढे चार टायर, बॅटरी आणि किरकोळ कामे यांवर आणखी ४२,००० रुपये लागले. गाडी कुरकुर न करता चालत होती. डिसेंबरातल्या एका रात्री धाकट्या बंधूंचा मुलगा आईला घेऊन कोल्हापूरहून लग्न आटोपून परतत होता. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात होता. हातकणंगले सोडल्यावर रस्त्याच्या कडेला उसाने भरलेली एक ट्रॉली उभी होती. तिच्या मागे ना दिवा, ना चमकणारी पट्टी. गाडीची डावी पुढची बाजू ट्रॉलीच्या कोपऱ्याखाली शिरली. दोन्ही एअरबॅग फुगल्या. मुलाला खरचटले, आईचे मनगट मोडले, एवढ्यावर निभावले. गाडी क्रेनने वर्कशॉपमध्ये नेण्यात आली.

चार दिवसांनी घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा दोन मते लगेच पुढे आली. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, चार लाख दोन हजार घातलेत या गाडीत. ते असे सोडून कसे द्यायचे?” पुतण्याचे म्हणणे वेगळे होते. “काका, विमा आहे ना? कंपनी दुरुस्त करून देईल. आपले जाते काय?” अण्णांनी दोघांचे ऐकून घेतले आणि दिवाणजींकडून वहीचे एक कोरे पान मागवले.

पहिल्या मतात एक चूक आहे, आणि ती फार माणसे करतात. वाणिज्यशास्त्रात अशा रकमेला बुडीत खर्च म्हणतात. गाडी दुरुस्त केली तरी ते ४,०२,००० रुपये परत येणार नाहीत, आणि मोडीत काढली तरी येणार नाहीत. जी रक्कम दोन्ही बाजूंना सारखीच आहे, ती तराजूत घालून पारडे हलत नाही. निर्णयासाठी दोनच गोष्टी मोजायच्या: येथून पुढे किती जाणार आणि येथून पुढे हाती काय राहणार. म्हणून अण्णांच्या पानावर ही रक्कम लिहिलीच गेली नाही.

दुसऱ्या मताचे उत्तर विम्याच्या कागदांत होते. पॉलिसीत गाडीची घोषित किंमत, म्हणजे आय.डी.व्ही., २,८०,००० रुपये होती. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत ही किंमत ठरावीक घसारा वजा करून काढली जाते; पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. येथे ती मर्यादा २,१०,००० रुपये होती आणि वर्कशॉपचा अंदाज १,८६,००० रुपयांचा. म्हणजे कंपनीच्या लेखी गाडी दुरुस्तीयोग्य. घरातल्या काहींना हाच निकाल वाटला. परंतु ७५ टक्क्यांची रेघ कंपनीने आपले देणे ठरवण्यासाठी ओढलेली असते. गाडी पुन्हा विश्वासाने रस्त्यावर चालेल का, याबद्दल ती रेघ काही बोलत नाही.

शिवाय ‘कंपनी दुरुस्त करून देईल’ या वाक्यातही अर्धेच सत्य होते. जुन्या गाडीच्या सुट्या भागांचे पूर्ण पैसे विमा देत नाही. पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के कपात होते; रबर, प्लास्टिक, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के; काचेवर काहीच नाही. रंगकामाच्या बिलातला २५ टक्के भाग साहित्याचा मानून त्याच्या निम्मी रक्कम वजा होते. वर्कशॉपच्या अंदाजात धातूचे भाग ५४,००० रुपयांचे, प्लास्टिकचे भाग आणि एअरबॅग मिळून ७२,०००, काच ८,०००, मजुरी ३०,००० आणि रंगकाम २२,००० असे आकडे होते. कपातीचे गणित २१,६००, ३६,००० आणि २,७५० असे आले. त्यात सक्तीचे १,००० रुपये मिळवून पदरचे ६१,३५० रुपये जाणार होते. दावा न करता जमवलेली नो क्लेम बोनसची सवलत शून्यावर येऊन पुन्हा २० टक्क्यांपासून चढणार, ते वेगळेच. घसाऱ्याची कपात टाळणारी जादा सुरक्षा या पॉलिसीत घेतलेली नव्हती.

तरीही ६१,३५० रुपयांत गाडी पूर्ववत होत असेल, तर तो सौदा वाईट नव्हता. पूर्ववत होईल का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर गाडी खोलल्यावर मिळाले.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळ, खांब आणि छत यांचा पत्रा एकमेकांना जोडून जी पेटी तयार होते, तीच गाडीचा सांगाडा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी पुढे आलेले पोलादी दांडे धडकेच्या वेळी ठरावीक ठिकाणी चुरगळतात आणि आघात पोटात घेऊन बसणाऱ्यांना वाचवतात. बोनेट, मडगार्ड, बंपर, दरवाजे हे बोल्टने बसवलेले भाग. ते कितीही चेपले तरी बदलता येतात. या दांड्यांचे आणि खांबांचे तसे नाही. वर्कशॉपमध्ये गाडीच्या तळाच्या ठरावीक बिंदूंमधील तिरकी मापे घेतली गेली. दोन्ही कर्ण सारखे यायला हवे होते. ते १४ मिलिमीटरने वेगळे आले. डावा दांडा वाकला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. त्या दांड्यावर, आतल्या पत्र्याशी, जुन्या वेल्डिंगची जाड रेघ निघाली. भोवती बोटभर पुट्टी होती. नवी धडक नेमकी त्याच रेघेवर उकलली होती.

म्हणजे ही गाडी या घरात येण्यापूर्वीच एकदा जोरात ठोकरली होती. विकणाऱ्याने त्याचा उच्चार केला नव्हता, आणि घेणाऱ्यांनी चमकणारा रंग पाहून विचारले नव्हते. दांडा कापून नवा बसवता येईल, गाडी ओढून मापात आणता येईल, असे वर्कशॉपच्या प्रमुखांनी सांगितले. परंतु दोनदा तापवलेले आणि दोनदा जोडलेले पोलाद पुढच्या धडकेत मूळच्यासारखे वागेल, हे लिहून देण्यास ते तयार नव्हते.

सांगाडा शाबूत असता तर निर्णय बहुधा उलटा झाला असता, हे येथे नोंदवले पाहिजे. तशीच दुसरी चांगली गाडी घ्यायला बाजारात पावणेतीन लाखांहून अधिक लागत होते. विम्याचे आणि मोडीचे मिळून सव्वा लाखाच्या आसपास हाती आले असते, तरी दीड लाख पदरचे घालावे लागले असते. त्यापेक्षा ६१,३५० रुपये भरून, ओळखीची, देखभाल ठाऊक असलेली गाडी आणखी पाच वर्षे वापरणे केव्हाही शहाणपणाचे. ठोकरलेली गाडी म्हणजे टाकाऊ गाडी, हा समजही खर्चिकच असतो. येथे मात्र अण्णांनी एका वाक्यात विषय संपवला. “या गाडीत घरातले कोणी बसणार नाही.”

मग राहिला विल्हेवाटीचा प्रश्न, आणि घराची खरी परीक्षा येथे झाली. वहीच्या पानावर चार ओळी लिहिल्या गेल्या.

पहिली ओळ: वर्कशॉपमध्ये रीतसर पूर्ण दुरुस्ती करून, दोन्ही अपघात सांगून गाडी विकायची. जुन्या गाड्यांच्या दोन व्यापाऱ्यांनी अशा गाडीला १,९०,००० रुपयांपर्यंत भाव येईल असे सांगितले. पदरचे ६१,३५० वजा जाता हाती १,२८,६५०.

दुसरी ओळ: दुरुस्ती न करता विमा कंपनीशी रोख तडजोड करायची. कंपनी ९०,००० रुपये देण्यास राजी होती. गाडी नोंदणीकृत वाहन-भंगार केंद्राला द्यायची. तेथून ४०,००० रुपये मिळणार होते. एकूण १,३०,०००.

तिसरी ओळ: तीच रोख तडजोड, पण गाडी ठोकरलेल्या गाड्या घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला द्यायची. तो ८५,००० देत होता. एकूण १,७५,०००. त्याची अट एकच होती: २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर सह्या करून द्याव्यात, घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवावे, गिऱ्हाईक मिळाले की तो नाव चढवून घेईल.

चौथी ओळ गावातल्या एका मिस्त्रीने सुचवली होती. रोख तडजोडीचे ९०,००० रुपये त्याला द्यायचे. तेवढ्यात तो दांडा ठोकून, वेल्डिंग आणि पुट्टी करून, रंग मारून गाडी उभी करणार होता. नव्या एअरबॅग बसवायच्या नाहीत. डॅशबोर्डवर आणि स्टिअरिंगवर नुसती झाकणे बसवायची, आणि मीटरमधला धोक्याचा दिवा पेटणार नाही अशी तजवीज करायची. “कुणाला कळणार नाही, शेठ,” असे तो म्हणाला होता. अशी गाडी २,८०,००० रुपयांना सहज गेली असती, आणि ती सारी रक्कम हातात राहिली असती.

पान समोर ठेवल्यावर आकड्यांनीच एक गोष्ट सांगितली. खरे बोलून होणाऱ्या दोन व्यवहारांत, पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत, अवघा १,३५० रुपयांचा फरक होता. तिसऱ्या ओळीत पुढच्या गिऱ्हाइकापासून सत्य दडवण्याचे काम दुसऱ्यावर सोपवले होते. तेथे ४५,००० रुपये वाढले. चौथ्या ओळीत ते काम घराने स्वतः करायचे होते. तेथे दीड लाख वाढले. दुरुस्तीतून येणारा म्हणून जो फायदा दिसत होता, तो दुरुस्तीतून येतच नव्हता. पुढच्या माणसाला ठाऊक नसण्याची ती किंमत होती.

पुतण्या नुकताच वाणिज्य पदवीधर झालेला. त्याने करार कायदा काढला. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे १७ वे कलम म्हणते की, केवळ गप्प राहणे ही फसवणूक होत नाही. तेथे उदाहरणही दिले आहे: एकाने सदोष घोडा लिलावात विकला, दोष त्याला माहीत होता, तो काही बोलला नाही, ही फसवणूक नव्हे. “काका, आपल्यालाही असेच विकले होते. कायद्याने त्याचे काही वाकडे झाले नाही.”

मुलाचा मुद्दा पोकळ नव्हता. पण त्याच कलमात इतरही गोष्टी आहेत. ठाऊक असलेली गोष्ट क्रियेने झाकून ठेवणे ही फसवणूकच आहे, असे ते स्पष्ट म्हणते. पुट्टीखाली दडवलेला दांडा आणि एअरबॅगच्या जागचे रिकामे झाकण त्यातच मोडतात. घोड्याच्या उदाहरणालाही पुढे जोड आहे. घेणारी त्याच विक्रेत्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि ‘तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष समजेन’ असे घेणारा म्हणाला, तर विक्रेत्याचे गप्प राहणे हे बोलण्याइतकेच मानले जाते. जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण, शब्दांत नाही तरी नजरेने, हेच तर म्हणत असतो.

मनगटाला प्लास्टर घातलेली मुलाची आई इतका वेळ गप्प होती. पेढीच्या व्यवहारात ती सहसा बोलत नाही. तिने एवढेच विचारले, “त्या झाकणामागे काही नाही, हे तिथे बसणारीला कोण सांगणार?” त्या रात्री तिच्या समोरच्या झाकणामागे एअरबॅग होती, म्हणून ती हा प्रश्न विचारायला घरी होती. यावर कोणाकडे उत्तर नव्हते. अण्णांनी चौथ्या ओळीवर आडवी रेघ मारली.

तिसरी ओळ थोडा वेळ राहिली. धाकट्या बंधूंचे म्हणणे, व्यापारी डोळे उघडे ठेवून घेतो आहे, आपण काही लपवत नाही. तेही खरे होते. परंतु कोऱ्या फॉर्मवर सही करून दिलेली गाडी कायद्याच्या नजरेत सही करणाऱ्याच्याच नावावर राहते. तिच्याकडून पुढे अपघात झाला, तर नुकसानभरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. ४५,००० रुपयांसाठी किती काळ ही टांगती तलवार बाळगायची, याचा अंदाज कोणालाच देता येईना. व्यापाऱ्याला आधी नाव चढवून घेण्यास सांगितले, तेव्हा त्याने देकार मागे घेतला. त्या नकाराने गाडीचे पुढे काय होणार होते, हेही कळून चुकले.

राहिली दुसरी ओळ. विम्याची तडजोड लेखी झाली. गाडी २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेल्या भंगार केंद्रात गेली. केंद्राने जमा-प्रमाणपत्र दिले, आणि त्याच्या आधारे परिवहन कार्यालयातील नोंदणी रद्द करून घेण्यात आली. हे प्रमाणपत्र जपून ठेवण्याजोगे असते. पुढे नवी गाडी घेताना करात राज्य सरकारने ठरवलेली सवलत त्यावर मिळू शकते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत पॉलिसी चालू ठेवली, मग ती बंद केली. जुन्या पॉलिसीची प्रत, सर्वेक्षकाचा अहवाल आणि भंगार केंद्राची पावती दिवाणजींनी एकाच फाइलमध्ये लावली.

फेब्रुवारीत घराने दुसरी वापरलेली गाडी घेतली, तीही ३,१०,००० रुपयांना. या वेळी पुतण्या दोन तास तिच्याभोवती फिरला. दरवाज्यांचे रबर थोडे ओढून त्याने आतल्या कडेवरचे कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर आहेत का, ते पाहिले. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडला आहे का, ते तपासले. पत्र्यावरून छोटे चुंबक फिरवले. पुट्टीचा जाड थर असतो तेथे ते नीट चिकटत नाही. सगळ्या काचांवरची सालाची खूण जुळते का, हे पाहिले. गाडी सुरू करताना एअरबॅगचा दिवा क्षणभर पेटून विझतो, याची खात्री केली. जो दिवा पेटतच नाही, त्याच्यावर अधिक संशय घ्यावा. वर्कशॉपमधील नोंदी आणि मागील विमा दाव्यांची माहिती विकणाऱ्याकडून लेखी मागितली. आणि शेवटी, दोन वर्षांपूर्वी कोणी न विचारलेला प्रश्न विचारला: “गाडी कधी ठोकरली होती का?” विकणाऱ्याने मागचा बंपर एकदा बदलल्याचे सांगितले. तेवढ्यासाठी कोणी भाव पाडून मागितला नाही.

अपघातग्रस्त गाडीच्या हिशेबात बाकीचे आकडे कोणीही मांडू शकतो: दुरुस्तीचा अंदाज, विम्याची कपात, मोडीची किंमत. एकच आकडा जपून लिहावा लागतो, तो म्हणजे दुरुस्तीनंतरची किंमत. ती दोष सांगून मिळणारी लिहावी. ती लिहिल्यावरही दुरुस्ती परवडत असेल आणि सांगाडा सरळ असेल, तर गाडी बेलाशक दुरुस्त करावी आणि समाधानाने वापरावी. ती लिहिताच दुरुस्ती परवडेनाशी होत असेल, तर ती आधीही परवडत नव्हती. फक्त तिचे बिल पुढच्या माणसाच्या नावावर लिहिलेले होते.